एक नंबर पुढे

माझ्या भाच्याने, म्हणजे वहिनीच्या मुलाने, गाडीचा फोटो काढून यच्चयावत नातेवाइकांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आई निघाली जुन्या आठवणींना उजाळा द्यायला, सोबत आत्या आणि पुडी.’ आत्या म्हणजे मी आणि पुडी म्हणजे कुत्री. माझा नंबर कुत्रीच्या आधी लागला एवढेच काय ते उपकार. पण माझं डोकं फिरलं ते त्या ‘उजाळा’वरून. सत्तरीची बाई, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, भंगारातून सोडवून आणलेली गाडी घेऊन महिनाभर हिंडायला निघते, आणि पोटच्या पोराला त्याचं कौतुक. आठवणी म्हणजे काय पितळेची भांडी आहेत, घासूनपुसून फळीवर मांडायला?

‘अगं आत्या, सगळं जग कॅम्परव्हॅन घेऊन फिरतंय,’ तो म्हणाला.

‘फिरू दे जगाला. जगाला काय माझी वहिनी नाहीये,’ मी म्हणाले आणि बॅग भरली. तिला एकटीला कोण सोडणार? माझा भाऊ गेल्यापासून ती फारच कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या माणसावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

ही गाडी मूळची छातीचे फोटो काढायची. वहिनीने त्या फिरत्या एक्स-रे गाडीवर सव्वीस वर्षं नोकरी केली. गिरण्या, काचेचे कारखाने, खाणी, वसतिगृहं, जिथे माणसं दाटीवाटीने राहतात आणि खोकतात तिथे गाडी उभी करायची, रांग लावायची, एकेकाला आत घ्यायचं. शर्ट काढा, हनुवटी इथे, श्वास घ्या, धरा, सोडा. दिवसाला शंभर-सव्वाशे माणसं. ती झोपेतसुद्धा ‘धरा, सोडा’ म्हणायची असं माझा भाऊ सांगायचा. पुढे नवी यंत्रं आली, गाडी मोडीत निघाली आणि कुठल्याशा सरकारी आवारात सडत पडली. भाऊ गेला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात वहिनीने अर्जावर अर्ज करून ती मिळवली. फिल्म भरायची काळोखी खोली होती तिथे आता ओटा आणि शेगडी. माणसं छाती टेकून उभी राहायची तिथे दोन बाकं, तीच जोडली की पलंग. काळोख्या खोलीतला लाल दिवा मात्र तिने बदलू दिला नाही. पहिल्याच दिवशी त्या उजेडात कांदा चिरताना मी बोट कापून घेतलं.

पुडीला भावाच्या आजारपणात कुणीतरी आमच्या दारात टाकून गेलं होतं. तेव्हा ती चहाच्या पुडीएवढी होती, नंतरही फारशी वाढली नाही. आवाज मात्र आत्यावर गेलाय असं घरचे म्हणतात. माझ्या आवाजावरून आमच्याकडे कायम टिंगल चालते. मी शिवणाच्या दुकानातून ‘बटणं संपली’ म्हटलं की चौकातला बटणवाला आपणहून डबा घेऊन यायचा, एवढंच. त्यात दात काढण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

दुकान माझं स्वतःचं. पाटीवर स्थापनेची तारीख रंगवून घेतलेली, त्यामुळे बत्तीस वर्षं ती रोज डोळ्यांपुढे. आणि त्या तारखेचा माझा एक राग आहे. उद्घाटनाला पहिलं कापड वहिनीच्या हातून कापायचं असं मी ठरवलं होतं. पाच म्हणजे पाच, असं चारदा बजावलं होतं. शेजारीपाजारी, घाऊक कापडवाला, पहिली गिऱ्हाइकं, सगळे ताटकळत उभे, आणि ही बाई उगवली साडेपाचला. केसांत धूळ, तोंडावर बारा वाजलेले. मी दोन महिने तिच्याशी बोलले नाही. त्यानंतर दर वर्षी न चुकता ऐकवलं, ‘तुमची नोकरी काय पळून जात होती? एक दिवस थोडं लवकर निघता आलं नाही?’ ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, ‘चुकलं, वन्सं.’ एकदाही उलटून बोलली नाही. त्यामुळे मला आणखीच राग यायचा.

तर अशा आम्ही तिघी निघालो. पहिली गिरणी गाठली तर तिथे मोटारी ठेवायचं मैदान झालेलं. रखवालदार म्हणाला, इथे थांबायचं नाही. मी म्हणाले, ह्या बाईने इथल्या चार हजार माणसांच्या छात्या तपासल्यात, तुझ्या जन्माच्या आधी. तो म्हणाला, तपासल्या असतील, गाडी काढा. काचेच्या कारखान्यापाशी मात्र एक म्हातारा मुकादम गाडी ओळखून पळत आला. ‘धरा, सोडा बाई,’ म्हणाला. त्या लोकांनी तिचं तेच नाव पाडलं होतं. त्याने आम्हाला घरी नेलं, चहा पाजला, सुना-नातवंडं दाखवली. मला वाटलं, चला, बाईचा चेहरा खुलेल. कशाचं काय. ती नुसती मान डोलावत राहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, ‘वन्सं, निघू या. अजून लांब जायचंय.’

हे असं आठ दिवस. एक फोटो काढला नाही की एक किस्सा सांगितला नाही. कशासाठी आलोय म्हणून विचारलं तर ताकास तूर लागू द्यायची नाही. नवव्या दिवशी सकाळी दगडाच्या खाणीचं फाटक आलं. वहिनीने गाडी हळू केली आणि सरळ पुढे नेली. चार किलोमीटरवर वळवली, परत फाटकापाशी आली, परत पुढे. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘थांबवा गाडी,’ मी म्हणाले. ‘जायचं असेल तर आत जा, नाहीतर घरी चला. मी काय घाण्याचा बैल आहे?’

तिने झाडाखाली गाडी लावली. फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा काढला, त्यातून तीन पत्रं काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि पुडीला कुशीत घेऊन बसली. मग बोलायला लागली. सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं ती माझ्याशी इतकं कधीच बोलली नव्हती.

‘ह्या खाणीत आम्ही आलो होतो. कारकून रजेवर होता, म्हणून वही ड्रायव्हर लिहीत होता. यंत्र प्रत्येक फोटोवर आपणहून नंबर टाकतं. वहीत त्याच नंबरापुढे माणसाचं नाव लिहायचं. कुणी हललं तर फोटो बाद होतो, तो परत काढायचा आणि वहीत एक ओळ ‘बाद’ म्हणून सोडायची. त्या दिवशी एक माणूस हलला. मी फोटो परत काढला. ड्रायव्हरने ओळ सोडली नाही. ओळ सोडायची असते हे त्याला मीच सांगितलं नव्हतं. तिथून पुढे प्रत्येकाचा फोटो एक नंबर पुढे गेला, रांगेत त्याच्या मागे असलेल्याच्या नावावर.’

मी शिंपीण आहे. मला फोड करून सांगायची गरज नव्हती. माझ्या दुकानात एकदा मापांच्या चिठ्ठ्या एकेका जागेने सरकल्या होत्या आणि सहा बायकांचे कपडे भलत्याच मापाचे झाले होते. मी रडून गोंधळ घातला, पण शेवटी काय, उसवलं आणि परत शिवलं.

‘पण ते दिवसाच्या शेवटी कळत नाही?’ मी विचारलं.

‘कळतं. गाडी बंद करायच्या आधी यंत्राचा आकडा आणि वहीचा आकडा ताडून बघायचा, हा नियमच होता. मी कधी चुकवला नाही. त्या दिवशी चुकवला. सकाळी फिल्म मुख्य कचेरीत गेली.’

फोटो बहुतेकांचे स्वच्छ होते, त्यामुळे ते कुणाच्याही नावावर गेले तरी फरक पडला नाही. एकाच फोटोत क्षयाचा डाग होता. पाच महिन्यांनी काही कामासाठी वहिनीने ती फिल्म भिंगाखाली धरली, तर डाग असलेल्या छातीत गळ्याखालचं आडवं हाड मोडून वाकडं जुळलेलं. आणि वाकड्या हाडाचा तो माणूस तिला पक्का आठवत होता. तिने त्याला विचारलं होतं, हे कशाने झालं, आणि तो हसून म्हणाला होता, दगडाने. पण रोगाचं पत्र गेलं होतं त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला. मागचा होता त्याचाच थोरला भाऊ. वाकड्या हाडाच्या धाकट्याला पत्र गेलं, तुमची छाती स्वच्छ आहे.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपण हसत म्हणतो. मला त्या दिवसापासून त्या म्हणीचं हसू येत नाही.

वहिनीने मुख्य कचेरीतल्या साहेबाला लेखी कळवलं. एकदा नाही, तीनदा. तीच ही पत्रं, तिच्याकडे परत आलेल्या प्रती. प्रत्येकावर लाल शाईत शेरा: ‘दप्तरी दाखल.’ म्हणजे फाइलमध्ये घाला आणि फाइल कपाटात. तिसऱ्या पत्रानंतर साहेबाने तिला बोलावून सांगितलं, बाई, एक पत्र चुकलं म्हटलं की लोक सगळीच पत्रं खोटी म्हणतील. गप्प बसा, नाहीतर घरी बसा. आणि तिची गाडी दुसऱ्या रस्त्याला लावली. माझ्या भावाचं तेव्हा काम सुटलेलं, घर तिच्या पगारावर. ती गप्प बसली. निवृत्त झाली तर भाऊ अंथरुणाला खिळला, नऊ वर्षं.

‘आणि ही गाडी कशाला?’ मी म्हणाले. ‘बसने येता आलं नसतं?’

‘बसने आले असते तर फाटकावरून परत गेले असते. ही गाडी एकदा उभी केली की लोक ओळखतात. मग पळता येत नाही.’

मला इतका राग आला होता की कुणावर काढावा ते कळेना. त्या साहेबावर काढावा तर तो कधीच मेला असणार, पेन्शन खाऊन सुखाने. मी म्हणाले, ‘चला. आता मी आहे.’ मोठ्या तोऱ्यात म्हणाले. तो तोरा अर्धा तासच टिकला.

फाटकावरच्या माणसाने थोरल्या भावाचा पत्ता लगेच सांगितला. खाणीमागे कामगारांच्या खोल्यांची रांग होती, तिच्या टोकाला एकटी, सुटी खोली. ‘त्याच्याकडे कुणी जात नाही,’ तो माणूस म्हणाला. ‘त्याने भावाला रोग दिला ना. धाकटा गेला दोन वर्षांत. हा बसलाय जिवंत.’

वहिनीने गाडी आत घेतली आणि रांगेच्या तोंडाशी लावली.

म्हातारा दारातच बसून खुरपं घासत होता. पुडी भुंकत त्याच्या पायांत गेली तरी त्याने मान वर केली नाही. तिने त्याच्या चपलेला तोंड लावलं तेव्हा कुठे त्याने पाहिलं, हसला आणि तिला उचलून मांडीवर घेतली. मग त्याला आम्ही दिसलो.

‘आम्ही छातीच्या फोटोच्या गाडीवरून,’ वहिनी म्हणाली.

‘हं?’ त्याने कान पुढे केला. ‘मोठ्याने बोला. ते इंजेक्शन घेऊन कान गेले. दीड वर्ष रोज टोचत होते.’

निरोगी माणसाचे कान. मी तिथल्या खाटेवर बसले. समोर नळ होता आणि तिथे एक बाई कळशी भरत होती, साठीची, करारी तोंडाची. तिने आमच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. म्हातारा म्हणाला, ‘माझी भावजय. ती बोलत नाही माझ्याशी. तिचा काय दोष? मी त्याच्याशेजारी झोपत होतो. त्याला मीच दिला.’ हे त्याने असं सांगितलं जसं कुणी आपला पत्ता सांगतं.

वहिनी बोलायला लागली. पण तिचा आवाज मुळातच बारीक. तो दर वाक्याला ‘हं?’ म्हणायचा आणि ती परत पहिल्यापासून. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याला वाटलं असावं की कचेरीतून चौकशी आलीय. तो आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पिवळं कार्ड घेऊन आला. ‘सगळं जपून ठेवलंय,’ म्हणाला. ‘बघा, तारीखबिरीख.’

चष्मा माझ्याकडे होता. मी कार्ड हातात घेतलं. वहिनी पटकन म्हणाली, ‘वन्सं, राहू द्या, मी बघते.’ पण मी वाचलं होतं. फोटो काढल्याची तारीख.

ती तारीख मी बत्तीस वर्षं रोज वाचत आले होते. माझ्या दुकानाच्या पाटीवर आहे ती.

मी वहिनीकडे पाहिलं. ती पुडीकडे बघत होती. पाच म्हणजे पाच. चारदा बजावलं होतं मी. म्हणून आकडे न ताडता ही बाई गाडी बंद करून धावत सुटली होती, आणि तरी अर्धा तास उशीर झाला, आणि त्या अर्ध्या तासासाठी मी तिला बत्तीस वर्षं टोचत आले. दर वेळी ती ‘चुकलं, वन्सं’ म्हणायची, आणि मला वाटायचं ती माझ्याशी बोलतेय.

‘सांगितलं का नाहीत मला?’ मी म्हणाले.

‘नियम माझा होता, तुमचा नव्हता,’ वहिनी म्हणाली.

म्हातारा एकदा हिच्या, एकदा माझ्या तोंडाकडे बघत होता. आम्ही काय बोलतोय ते त्याला समजत नव्हतं, आणि वहिनीचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. मग मी उभी राहिले. आयुष्यभर ज्या आवाजाला सगळे हसले तो आवाज लावला.

‘तुमच्या छातीत काही नव्हतं,’ मी म्हणाले. ‘कधीच नव्हतं. फोटो तुमच्या धाकट्या भावाचा होता. वाकड्या हाडाचा. डाग त्याला होता. तुमचं पत्र त्याला गेलं पाहिजे होतं. तुम्ही त्याला काहीही दिलेलं नाही.’

रांगेतल्या खोल्यांची दारं उघडायला लागली. मी थांबले नाही. ‘चूक ह्या गाडीत झाली. ही माझी वहिनी दिवसाच्या शेवटी आकडे बघायची ते त्या दिवशी राहिले, कारण मी तिला माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलं होतं. तिने साहेबाला तीनदा लिहिलं. साहेबाने दाबलं.’

म्हातारा पुडीच्या पाठीवरून हात फिरवत होता. हात थांबला. ‘मी नाही दिला?’ त्याने विचारलं.

‘नाही.’

‘मग त्याला औषध दिलं असतं तर?’

मी वहिनीकडे पाहिलं. ह्याचं उत्तर मी कोण देणार? वहिनी पुढे झाली, त्याच्या कानापाशी वाकली आणि जेवढा होता तेवढा आवाज काढून म्हणाली, ‘वाचला असता.’

नळावर कळशी भरून वाहत होती. ती बाई आमच्यापाशी आली तेव्हा तिचे हात ओले होते. ‘परत सांगा,’ मला म्हणाली. मी परत सगळं सांगितलं, पहिल्यापासून, तेवढ्याच मोठ्याने. तिने वहिनीच्या हातातली तीन पत्रं घेतली, तो लाल शेरा बघितला आणि तशीच परत दिली.

‘बत्तीस वर्षं,’ ती म्हणाली. ‘बाई, तुम्हाला पाय नव्हते? नोकरी गेली असती, एवढंच ना? माझा माणूस गेला. ह्या म्हाताऱ्याला मी पाण्याचा थेंब दिला नाही. माझ्या पोरांना ह्याच्या सावलीला उभं राहू दिलं नाही. ते कोण परत देणार, तुमचा साहेब?’

‘कुणी नाही,’ वहिनी म्हणाली. ‘मी माफी मागायला आले नाहीये. तुम्हाला कळायला हवं होतं.’

‘माफी मी देणारही नाही,’ ती म्हणाली. मला ते बरोबर वाटलं. तिने मोठं मन दाखवून आम्हाला मोकळं केलं असतं तर मीच तिच्याशी भांडले असते.

मग ती दिराकडे वळली. तो खाली मान घालून बसला होता, मांडीवर आमची कुत्री. ती जवळ गेली आणि हळूच काहीतरी म्हणाली. तिच्या ओठांचा अंदाज त्यालाही आला नाही. त्याचे कान गेले हे तिला रांगेतल्या सगळ्यांसारखं ठाऊक होतं, पण त्या कानांशी बोलायची वेळ इतक्या वर्षांत तिच्यावर कधी आली नव्हती.

‘हं?’ तो म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं, मी सांगावं म्हणून. मी तोंड गच्च मिटून घेतलं. हे तिचं तिलाच ओरडावं लागणार होतं.

तिने पदराने हात पुसले, वाकली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, ‘भाऊजी, जेवलात का?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘अजून नाही.’